मापारीबाबांची दांडी

मापारीबाबांच्या घरामागच्या वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या आवारात, शिरायला एकच अट होती. फाटकात आडवी बांधलेली वेळूची दांडी होती. तिच्याखालून ताठ उभं राहून, मान न वाकवता जाता आलं पाहिजे. दांडी जमिनीपासून दोन फूट दहा इंचांवर होती. मी मोजली आहे.

वाकून गेलेलं चालत नसे. "वाकून तं हत्तीबी जाईन," बाबा म्हणत. त्यामुळे आत जायची पोरं साधारण अडीच वर्षांची असत. त्यांना घेऊन आलेले आईबाप बाहेर एका चपट्या दगडावर बसत. एकदा तालुक्याचे एक मोठे अधिकारी जीपमधून सहकुटुंब आले. बरोबर चार वर्षांचा मुलगा होता. बाबांनी मुलाला दांडीजवळ उभं केलं आणि तळहात त्याच्या डोक्यावरून आडवा फिरवला. हात दांडीला लागण्याआधी मुलाचं कपाळच लागलं.

"साहेब, याले शीग लागली."

"म्हणजे?"

"म्हंजे मापाच्या वर गेला. घेऊन जा."

साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, चार बोटांचा तर प्रश्न आहे."

"चार बोटं रोज सोडली असती बाई, तं मी आज बंगल्यात राह्यलो असतो," बाबा म्हणाले. साहेब हसले, म्हणून सगळे हसले. मुलगा मात्र आत गेला नाही.

बाबांचं पाळण्यातलं नाव तुळशीराम. मूळचे उंद्रीचे, पण देऊळगाव राजाच्या बाजारात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं धान्य मापलं. तेव्हा ज्वारी, तूर, हरभरा सगळं पायलीनं मापलं जाई. पायली भरली की वर जो ढीग राहतो, ती शीग. ती तळहातानं काठाबरोबर कापायची. काही मापारी विकणाऱ्याकडून शीग घेत आणि घेणाऱ्याला सपाट देत. बाबांच्या मते ते चोर होते. त्यांच्या हातून एक दाणा इकडचा तिकडे गेला नाही, असं बाजारातले लोक सांगत. बाबांच्या माघारी सांगत, म्हणून ते खरं धरायला हरकत नाही.

पुढे नवी वजनं आली, किलोचे काटे आले. पायली घरात झाकण म्हणून वापरायची वस्तू झाली. बाबा आपली सगळी मापं पोत्यात घालून घरी घेऊन आले. जालन्याच्या रस्त्यावर, बाजारापासून थोडं पुढे, त्यांचं दोन खणांचं घर होतं आणि मागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं वाडगं होतं. पत्नी आधीच वारली होती. एकुलता एक मुलगा भिलाईला कारखान्यात नोकरीला होता. तिथेच त्याचा संसार होता.

या वाडग्यात एक म्हातारं गाढव, दोन शेळ्या, त्यांची करडं, चार ससे आणि पाच बदकं होती. आमच्या गावात तेव्हा दुसरं बदक नव्हतं.

मी त्या वेळी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बाजारभाव, सभा, अपघात आणि पाऊस एवढे माझे विषय. रविवारी सकाळी माझी मुलगी कुंदा आणि शेजारच्या कल्हईवाल्या रहीमभाईंचा सलीम, दोघांना घेऊन मी बाबांकडे जात असे. दोघांची वयं अडीच-पावणेतीन. रहीमभाई म्हणत, "साहब, दो घंटे ले जाओ इसको, तो मेरे दो बर्तन जादा होते." मी नेत असे. दगडावर बसून वर्तमानपत्र वाचता येई, हाही एक फायदा होता.

आत जाण्याचा विधी ठरलेला होता. मुलं रांगेत उभी राहत. बाबा एकेकाच्या डोक्यावरून तळहात फिरवत आणि मोजत. पण पहिल्याला 'एक' म्हणत नसत. धान्य मापताना पहिल्या मापाला मापारी 'लाभ' म्हणतो, एक म्हणत नाही. बाबांची ती सवय जिभेत मुरलेली होती. "लाभ... दोन... तीन..." आपण लाभ व्हावं म्हणून मुलांत ढकलाढकली चाले. कुंदा लाभ झाली की सलीम दांडीखालीच बसकण मारी. मग बाबा त्याला बाहेर काढत, बाकी सगळ्यांनाही बाहेर काढत आणि पुन्हा त्याच्यापासून मोजत. हे एका सकाळी तीनदा झालेलं मी पाहिलं आहे.

बाबा स्वतः या फाटकातून जात नसत. मागच्या बाजूला कुंपणात एक भगदाड होतं, त्यातून ते अंग चोरून शिरत. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला पाठीवर काट्यांनी केलेल्या खिडक्या होत्या.

"बाबा, तुम्ही तर घरचे. फाटकातून जा की," मी एकदा म्हणालो.

"काऊन? मले शीग नाई लागली का?"

"मग दांडी काढून ठेवा, आत गेल्यावर परत लावा."

"माप म्हंजे माप, पेपरवाले," एवढंच म्हणून ते भगदाडाकडे गेले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कोणत्याही वादाचा शेवट ते या वाक्यानं करत.

आत जुन्या मापांना नवी कामं मिळाली होती. पायल्या उलट्या घालून त्यांवर पोरं बसत. अधोलीत, म्हणजे अर्ध्या पायलीच्या मापात, सशांचं पाणी. चिपटं, म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यांत लहान माप, भरून ज्वारी प्रत्येक पोराच्या हातात दिली जाई. काठोकाठ, शीग नाही. पोरगं ते धरेपर्यंत निम्मी ज्वारी जमिनीवर जाई आणि बदकं त्यावर तुटून पडत. मग बाबा जनावरांशी ओळख करून देत. "हे कुंदाबाई. पेपरवाल्याच्या. हे सलीममिया. भांडे चमकावणाऱ्याचे. आता नीट वागजा." हे गाढवाला उद्देशून असे. गाढव नीट वागे. त्याला दुसरं काही करण्याची ताकद उरलेली नव्हती.

कुंदा गाढवाच्या पोटाला कान लावून उभी राही. बाबांना ती आबा म्हणे. "आबा, आत कोण आहे?"

"काल खाल्लेला कडबा."

"तो बोलतो?"

"हाव. म्हणते, मले बाहेर काढा."

सलीमचं सगळं लक्ष बदकांवर. तो त्यांच्यामागे धावे, बदकं बाबांच्या मागे धावत. बदकं बाबांना चावत. त्यांच्या पोटऱ्यांवर मी तसे डाग पाहिले आहेत. एक दिवस मी विचारलं, "तुम्हाला जनावरांची फार हौस दिसते."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं, जणू जनावरांना ऐकू जाईल. "मले? जनमात कुत्रं पाळलं नाई. त्या सशाचा वास येते मले. रात-दिन शिंका."

"मग कशासाठी हा खटाटोप?"

"बबन येणार हाये ना."

बबन हा नातू. भिलाईचा. बाबांनी त्याला पाहिलं नव्हतं. त्याचा जन्म तिकडचा, कुंदाच्याच श्रावणातला. मुलाच्या पत्रात एकदा आलं, बबन शेळी पाहून हसतो. बाबांनी शेळी आणली. दुसऱ्या पत्रात आलं, पुस्तकातल्या बदकावर बोट ठेवतो. बाबा एस.टी.नं जालन्याला गेले आणि टोपलीत पाच बदकं घेऊन आले. वाहकानं त्यांना टपावर बसवलं होतं, बदकांना आत. असं बाबा सांगत. मी त्याची खातरजमा केलेली नाही. गाव हे सगळं ओळखून होतं. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत बाबा चार-पाच दिवस एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहत आणि जालन्याकडून आलेल्या गाडीतली माणसं उतरताना पाहत. मुलाला रजा मिळत नसे.

"तुम्हीच जा ना भिलाईला," मी म्हणालो.

"अन् ह्या जनावराईले कोण पाहीन?"

जनावरं बबनसाठी होती आणि जनावरांमुळे बबनकडे जाता येत नव्हतं. यातली गंमत त्यांच्या लक्षात आली असावी असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी भाद्रपदात कुंदाला शीग लागली. रांगेत तिचा नंबर आला, बाबांचा हात तिच्या डोक्यावरून निघाला आणि दांडीच्या दीड बोट वर आला. बाबांनी पुन्हा हात फिरवला. तिचे केस दाबून पाहिले. मग म्हणाले, "कुंदाबाई, तुमी मोठ्या झाल्या."

सलीम आत गेला. तो बुटका होता. कुंदा दगडावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि पाच दिवस रडली. म्हणजे मधे जेवली, झोपली, पण विषय बदलला नाही. शेवटी मी बाबांकडे गेलो. दीड बोटाचा प्रश्न आहे, असं साहेबांच्या पत्नीसारखंच म्हणालो.

"पेपरवाले, एका लेकरासाठी तुमी पेपरातली खबर बदलता का?"

"नाही."

"मंग?"

दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी सलीमला सोडायला गेलो तर दांडी वर सरकली होती. मी मोजली. तीन फूट एक इंच. कुंदा ताठ मानेनं आत गेली, लाभ झाली, आणि महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटली, "आबांनी माझ्यासाठी दांडी वर केली." घरी, शेजारी, रहीमभाईंच्या भट्टीपाशी. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. माणूस दिसतो तेवढा कडक नाही, असं मी पत्नीला म्हणालो.

त्यापुढच्या दसऱ्याला मला खरं कळलं. बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांची पत्रं टपालवाला वाचून देई. तो त्या आठवड्यात सोयरिकीसाठी गावाला गेला होता, म्हणून बाबा पाकीट घेऊन माझ्याकडे आले. मी ते फोडलं. आत चार ओळींचं पत्र होतं आणि पांढऱ्या दोऱ्याची एक गुंडी.

'ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. यंदाही रजेचं जमत नाही. बबन मजेत आहे. शर्टासाठी त्याचं माप सोबत पाठवत आहे. पहिली गाठ बाहीची, दुसरी छातीची, पूर्ण दोरा उंचीचा.'

आजोबांनी नातवाला दिवाळीचा कपडा करायचा, हा रिवाज. नातू समोर नसेल तर शिंप्याला दोरा द्यायचा. बाबा दर दसऱ्याला दोरा मागवत, शर्ट-चड्डी शिवून घेत आणि पार्सलनं पाठवत.

"पुन्हा वाचा," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. "रजेचं सोडा, थे मापाचं वाचा." मी मापाचं वाचलं.

मग मी त्यांच्याबरोबर वाडग्यापर्यंत गेलो. बाबांनी दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दोरा फाटकाच्या खांबाला लावून वर ताणला. दांडीच्या सुतळ्या सोडल्या आणि दोऱ्याचं दुसरं टोक जिथे आलं तिथे दांडी पुन्हा बांधली. तीन फूट साडेतीन इंच. मग ते दोन पावलं मागे सरले. तळहात आडवा धरून दांडीच्या खालून, मोकळ्या हवेतून, हळूच फिरवला.

"कवा आला तं आत जाता आलं पाह्यजे ना त्याले," ते म्हणाले. "लेकरू एवढ्या दूरून येईन अन् दांडीले टक्कर खाईन, असं नको व्हायला."

मी ही बातमी लिहिली नाही. कुंदालाही सांगितलं नाही. तिची समजूत आहे तशीच राहू दिली.

दर दसऱ्याला दांडी दोन-तीन बोटं वर जात राहिली. गावात कोणी म्हणे, बाबा मऊ पडले. कोणी म्हणे, म्हाताऱ्याचा लहरीपणा. परिणाम मात्र निराळा झाला. दांडी वर गेली तशी शाळेतली पोरं आत येऊ लागली. त्यांनी गाढवावर स्वारी केली, करडांना झाडावर चढवून पाहिलं. एका पोरानं ससा दप्तरात घालून वर्गात नेला. दांडगी पोरं आत असतात म्हणून आया आपली लहान लेकरं पाठवीनाशा झाल्या. पुढे शाळेतल्या पोरांनाही क्रिकेट मिळालं. रविवारी दगडावर मी एकटाच असे आणि आत कुंदा आणि सलीम. तेही एकमेकांशी खेळत, जनावरांशी नाही. बाबा उलट्या पायलीवर बसून त्यांच्याकडे पाहत.

कुंदा सात वर्षांची असताना दसऱ्याला पाकीट आलं, पण त्यात दोरा नव्हता. ते पत्रही मीच वाचलं. टपालवाल्यानंच बाबांना माझ्याकडे पाठवलं होतं. त्याला वाचायचं नव्हतं, असं मला नंतर वाटलं.

'इथे तयार कपडे चांगले मिळतात. बबनला शिंप्याचे आवडत नाहीत. तेव्हा आपण उगाच त्रास घेऊ नये.'

बाबांनी पाकीट उलटं करून झटकलं. आत बोट घालून पाहिलं. "दोरा पडला असन वाटंत," ते म्हणाले.

"नाही बाबा. पाठवलाच नाही."

"मंग दांडी कुठं बांधू?"

ते दारातच उभे राहिले. आत कुंदा गृहपाठ करत होती. बाबा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"कुंदाबाई अन् बबन एकाच महिन्यातले."

"हो."

"बराबरीचेच असतीन."

"असतील."

"दोरा हाये का घरात?"

माझ्या पत्नीनं शिवणाच्या डब्यातून दोरा काढून दिला. कुंदा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाबांनी दोऱ्याचं टोक तिच्या टाचेखाली दिलं, वरचं टोक डोक्यापाशी चिमटीत धरलं, दातानं तोडलं आणि गुंडी करून सदऱ्याच्या खिशात घातली. गाठी मारल्या नाहीत. शर्ट शिवायचा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली अकोल्याला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बाबा जनावरांबद्दल, एस.टी.बद्दल, तुरीच्या भावाबद्दल बोलले. फाटकाकडे पाहिलंही नाही. मी निघालो तेव्हा म्हणाले, "दसऱ्याले खबरबात धाडत जा."

खबरबात म्हणजे काय, ते मला कळलं. अकोल्याला गेल्यावर दर दसऱ्याला मी कुंदाला भिंतीशी उभं करत असे. दोरा पाकिटात घालत असे. सोबत काही लिहीत नसे. लिहिलेलं त्यांना वाचता येणार नव्हतं आणि दुसऱ्या कोणी वाचावं असं त्यात काही नसतं. कुंदानं एकदा विचारलं, "आबा या दोऱ्यांचं काय करतात?" मी म्हणालो, "दांडी बांधतात." तिला ते पुरेसं वाटलं. दांडी तिच्यासाठीच वर जाते हे तिला लहानपणापासून ठाऊकच होतं.

कुंदा चौदा वर्षांची असताना एका लग्नाला देऊळगाव राजाला जाण्याचा योग आला. दुपारी आम्ही दोघं जालना रस्त्यावर चालत गेलो. सलीम आता भट्टीवर बसत होता आणि कुंदाला पाहून लाजला. त्यानं सांगितलं, भिलाईहून कोणी आलेलं नाही.

वाडग्यात एक शेळी आणि एक बदक उरलं होतं. गाढव गेलं होतं. मागचं भगदाड काट्यांनी बुजवलेलं दिसलं. बाबा कमरेत पार वाकले होते. हातात काठी, मान पुढे आलेली. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला. कुंदाला लगेच ओळखलं.

दांडी जागेवर होती. मोजपट्टी माझ्याजवळ नव्हती आणि गरजही नव्हती. चार महिन्यांपूर्वीच मी तो दोरा माझ्या हातानं पाकिटात घातला होता.

"चला, पाव्हणे," बाबा म्हणाले.

कुंदा फाटकाशी जाऊन ताठ उभी राहिली. बाबांनी काठी खांबाला टेकवली, हात वर केला, तळहात तिच्या डोक्यावरून आडवा फिरवला. तो दांडीच्या खालून, केसभर अंतरानं निघाला.

"काठोकाठ," ते म्हणाले. आणि मग, "लाभ."

कुंदा आत गेली. बाबांचा हात तसाच वर राहिला. तिच्यामागे रांगेत कोणी नव्हतं. मी दांडीहून उंच होतो आणि माझी जागा मला माहीत होती. मी दगडावर जाऊन बसलो.

मग बाबा दांडीखाली आले. त्यांनी तोच तळहात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि आडवा पुढे नेला. तो कुठेही अडला नाही.

"दोन," ते म्हणाले, आणि फाटकातून आत गेले.